स्त्री-अभ्यासाची पदवी आणि पोटापाण्याचा प्रश्न

स्त्री-अभ्यासात एम. ए. करून पुढे काय, असा प्रश्न आला की उत्तरं दोनच मिळतात : प्राध्यापकी, नाहीतर स्वयंसेवी संस्था. १९७४ साली नीरा देसाई यांनी एसएनडीटी विद्यापीठात या विषयाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा नोकरीच्या बाजारात त्याला खरोखरच थारा नव्हता. पुढे ती जागा कायद्यांनी केली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याला संरक्षण अधिकारी लागतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमायला लावतो. तिच्यात या प्रश्नांची जाण असलेला एक सदस्य बाहेरचा हवा. केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर २००५-०६पासून जेंडर बजेटचं विवरणपत्र येतं. ते वाचून त्यातली पोकळ कलमं दाखवणं हेही काम आहेच.

यावर कुणी म्हणेल, ही कामं वकील, समाजकार्यवाले, संख्याशास्त्रज्ञ करतातच की. करतात. पण २०१९चं केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण पाहा. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. भाकरी थापताना जी बाई पाळण्यातल्या पोराकडेही लक्ष ठेवते, ती विचारल्यावर ‘स्वयंपाक’ एवढंच सांगते. दुसरं काम नोंदवायला कागदावर सोय असली, तरी ते उकरून विचारावं लागतं. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचे ९७, हे आकडे अशा नोंदींतूनच निघाले. सरासरी कुणीही काढील. कुठली मिनिटं निसटताहेत हे ओळखायला हा अभ्यास लागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. यातल्या पुष्कळ नोकऱ्या कंत्राटी, प्रकल्प संपला की संपणाऱ्या. आणि काही कंपन्यांची समिती नुसती कागदावरची असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी १९८४मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हाही एक प्रयोगच होता, आणि पुढे राज्य सरकारने तो स्वीकारला. प्रयोगाची यंत्रणा होते, मात्र वेळ लागतो, आणि तेवढा काळ हातात दुसरंही काही असावं लागतं. म्हणून नुसत्या सिद्धान्तांवर विसंबणाऱ्या विद्यार्थिनीची (विद्यार्थ्याचीही, मुलगे थोडे असले तरी) मला काळजी वाटते. चौकशीचा अहवाल अपिलात टिकेल असा लिहिणं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवणं, सरकारी निर्णय सोप्या मराठीत समजावणं, यांपैकी एक तरी विद्यापीठाने पदवीबरोबर शिकवूनच बाहेर पाठवावं. आज ते बहुतेकांना नोकरी लागल्यावर, स्वतःच्या हिमतीवर शिकावं लागतं.