पहिल्या अर्जाची तारीख
पेटंटसाठी मुंबईत अर्ज केला आणि बारा महिन्यांच्या आत जपानमध्येही केला, तर पॅरिस करारानुसार तिथे मुंबईचीच तारीख धरतात. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तोच शोध मांडला, तरी तुमचा अग्रहक्क टिकतो. पुरावा म्हणून पहिल्या अर्जाची प्रमाणित प्रत लागते. पूर्वी मी ती शिक्क्यानिशी घेऊन देशोदेशी कुरियरने धाडायचो. पाकीट पोहोचेपर्यंत जीव टांगणीला! जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००९मध्ये त्यासाठी इलेक्ट्रॉनिक सोय सुरू केली. भारत तीत ३१ जानेवारी २०१८ला आला, तसा उशिराच. आता अर्जदाराने ॲक्सेस कोड कळवला, की परदेशी कार्यालय प्रत थेट मागवून घेते. फक्त ते कार्यालय या सोयीत सामील आहे ना, हे आधी पाहावे. नसेल, तर पुन्हा कुरियर.