दार किती उघडावें?

नवें समाजमाध्यम निघालें कीं चालक येणाऱ्यांचीं डोकीं मोजूं लागतात. आलेला टिकला कीं नाहीं, हें मागाहून कळतें. अमेरिकेंत २००२ सालीं फ्रेंडस्टर निघालें. थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोक आंत शिरले, आणि त्या गर्दीनेंच घात केला. कोण कोणाचा स्नेही, हें जाळें संगणकांस पदोपदीं मोजावें लागे. पान उघडेपर्यंत पाहणारा कंटाळे. तेथील मंडळी मायस्पेसकडे वळली. मित्रच गेल्यावर मागें राहणाऱ्यानें थांबावें तरी कोणासाठीं? फेसबुकनें दार किलकिलेंच ठेवलें. फेब्रुवारी २००४ मध्यें प्रवेश केवळ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांस. मग एकेक विद्यापीठ. नवख्यास पहिल्याच दिवशीं वर्गांतले ओळखीचे चेहरे भेटत, म्हणून तो दुसऱ्या दिवशींहि येई. १३ वर्षें पुरीं झालेल्या सर्वांस दार उघडलें तें सप्टेंबर २००६ मध्यें. तोंवर घर नांदतें झालें होतें.