कल ओळखा, शिक्का मारू नका



कोकणातल्या रोपवाटिकेत मुलं आंब्याचं कलम बांधायला शिकतात.
एक जण लगेच चाकू उचलतो.
दुसरी आधी नुसती निरखते.
तिसऱ्याला आधी हवं असतं कारण…
खुंटाची आणि काडीची साल जुळायलाच का हवी?

शिकण्याचा असा कल मोजायला अमेरिकेतल्या डेव्हिड कोल्ब यांनी प्रश्नावली तयार केली.
तिच्यात अपुरी वाक्यं असतात.
प्रत्येकाला चार शेवट.
विद्यार्थी त्यांना पसंतीचा क्रम लावतो.

शिक्षकहो, हा फक्त कल आहे.
मुलावर शिक्का मारू नका.
कलानुसार शिकवल्यानं शिकणं सुधारतं, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.
कोल्बही शिकण्यासाठी चारही टप्पे लागतात, असं सांगतात…
अनुभव, निरीक्षण, विचार, प्रयोग.

म्हणून पुन्हा सांगते, कल ओळखा, शिक्का मारू नका.
प्रश्नावलीचा निकाल मुलांनाच दाखवा.
कोणता टप्पा राहून जातो, ते त्यांनाच विचारा.