सुईकडून काय मागावे, काय मागू नये

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या आरोग्य प्रबोधन व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे : चिनी सुई-उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. मी डॉक्टर नाही, गिरणीत पाळी करणारा माणूस आहे. शाळा लवकर सुटली, पण वाचनालय सुटले नाही. तिथे जे वाचले, पडताळून पाहिले, तेच आपल्यासमोर मांडतो.

हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांची कंबर धड आहे? साच्यावर आठ तास उभा राहणारा, पाठीवर गोणी वाहणारा, पाच घरची धुणीभांडी करून पुन्हा घरचे पाणी भरणारी आमची बहीण, यांना दुखणे हे सोबत्यासारखे चिकटलेले असते. आणि दुखणे आले की त्याच्या मागोमाग ते बरे करून देतो म्हणणाराही येतो. नाक्यावर पाटी लागते, ‘चिनी पद्धतीने सर्व रोगांवर इलाज’. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले जातात. म्हणून ही सुई काय आहे, कुठून आली आणि तिच्यात ताकद किती, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम ही विद्या काय म्हणते ते पाहू. चिनी वैद्यकाचे म्हणणे असे की, शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते. ती ज्या मार्गांनी वाहते त्या बारा मुख्य वाहिन्या, शिवाय पोटाच्या मधोमध एक आणि पाठीच्या मधोमध एक, अशा एकूण चौदा. वाहणे अडले की दुखणे आले. या वाहिन्यांवर ३६१ ठरलेल्या जागा आहेत. तिथे केसासारखी बारीक सुई टोचून अडलेले मोकळे करायचे, ही त्यामागची कल्पना. वैद्य दोन्ही मनगटांची नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग जागा निवडतो. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. टोचल्यावर जड वाटते, बधिर वाटते, मुंग्या येतात. त्याला ‘ची आली’ असे म्हणतात.

या जागांची नावे मोठी गमतीची आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला जी जागा आहे तिचे नाव ‘चूसानली’, म्हणजे पायाचे तीन ली. ली हे तिकडचे अंतराचे माप आहे, जसा आपला कोस. आणि जागा मोजायची कशी? रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीने. धिप्पाड माणसाचे माप वेगळे, लेकराचे वेगळे. ज्याचे अंग त्याचेच माप, ही गोष्ट मला फार आवडली.

सुईबरोबर शेकही देतात. एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापूस करून तो पेटवतात आणि त्याची धग त्या जागेला देतात. ही वनस्पती आपण जोतिबाला वाहिलेला पाहतो त्या दवण्याच्या जातकुळीतली आहे. तिची आठवण ठेवा, पुढे लागेल.

ही विद्या जुनी आहे यात शंका नाही. चीनमध्ये मावांगद्वी इथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यात अकरा वाहिन्या आहेत, शेक आहे, पण सुई नाही. इ. स. पूर्व ११३ च्या एका राजपुत्राच्या थडग्यात मात्र सोन्याच्या आणि चांदीच्या सुया निघाल्या. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा या विद्येचा मूळ ग्रंथ साधारण त्याच शतकांतला. पुढे १०२७ साली सम्राटाच्या दरबारासाठी वांग वेइयी याने काशाचे दोन माणूसभर पुतळे ओतवून घेतले आणि त्यांवर सगळ्या जागांची भोके पाडली. विद्यार्थ्याची परीक्षा याच पुतळ्यावर. वरून मेण लावायचे, आत पाणी भरायचे; सुई नेमकी बसली तर पाणी बाहेर यायचे, अशी हकीकत सांगतात.

आता कोणी म्हणेल, दोन हजार वर्षे चालली म्हणजे ती खरीच असणार. बंधूंनो, जुने म्हणून खरे, हे माप आपण मानत नाही. जुनेपणाच्या नावाखाली काय काय खपवले गेले, ते आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. आणि मजा बघा, खुद्द चीननेही ते मानले नव्हते. १८२२ साली सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सुईविद्या काढून टाकायचा हुकूम दिला. १९२९ साली तर जुने वैद्यकच बंद करावे असा ठराव सरकारी आरोग्य समितीपुढे आला. त्याविरुद्ध देशभरचे वैद्य शांघायला जमले आणि तो ठराव मागे पडला. त्या काळात सुई जाड असे, गळू फोडायला आणि रक्त काढायलाही वापरत. चेंग दानआन नावाच्या वैद्याने सुई बारीक केली आणि रक्तवाहिनीला धक्का लागू नये अशा बेताने जागा नव्याने ठरवल्या. म्हणजे आज जी ‘प्राचीन’ म्हणून दाखवतात, ती सुई बरीचशी विसाव्या शतकात घडलेली आहे.

मग तिला एवढा मान कशाने मिळाला? गरजेने. जपानने चीनवर आक्रमण केले होते. डोंगराळ मुलखात लढणाऱ्यांकडे औषध नाही, भूल द्यायचे सामान नाही, डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. याच मुलखात आपल्या सोलापूरचा एक तरुण पोहोचला होता : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक; नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. सुईवाले म्हणून त्यांचे नाव घेणे चूक आहे. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. पण त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. म्हणून आपल्याकडे सुई-उपचाराला कोटणीसांचे नाव जोडले गेले. लुधियानात त्यांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे.

क्रांतीनंतर चीनपुढे प्रश्न होता कोट्यवधी शेतकऱ्यांचा. डॉक्टर सगळे शहरात, माणसे सगळी खेड्यात. हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. १९६५ साली माओने आरोग्य खात्याला सुनावले की, तुमचे लक्ष खेड्यांकडे वळवा. त्यातून ‘अनवाणी डॉक्टर’ उभे राहिले. शेतावर राबणारी पोरे-पोरी निवडायची, काही महिने शिकवायचे आणि आपल्याच गावात कामाला लावायचे. त्यांच्या पेटीत काय असे? थोडी औषधे, मलमपट्टी, लस आणि सुया. दहा लाखांहून अधिक अनवाणी डॉक्टर त्या देशात तयार झाले. पण नीट लक्षात घ्या, गावाचे आरोग्य सुधारले ते लसीने, स्वच्छ पाण्याने, संडासाने, बाळंतपणाची नीट सोय झाल्याने. सुई पेटीत होती. ती स्वस्त होती आणि दुखऱ्या माणसाला तिने हात दिला. तिच्या जोडीला पेटीतले बाकीचे होते, हे विसरता कामा नये.

जगाला वेड लागले ते १९७१ साली. अमेरिकेचे एक मोठे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगला गेले असता त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. त्यांनी लेख लिहिला आणि बोभाटा झाला की, चिन्यांनी सुया टोचून पोट कापले! वास्तविक शस्त्रक्रिया औषधाची भूल देऊनच झाली होती. सुया लावल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी, आणि त्यांना आराम वाटला. लेखात हे स्पष्ट लिहिलेले आहे. पण चमत्कार हवा असला की माणसे वाचत नाहीत, ऐकतात.

आता मुख्य प्रश्न. गुण येतो की नाही? याचे उत्तर जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीतून ऐका. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कंबरदुखीचे ११६२ रोगी घेतले आणि तीन गट केले. पहिल्याला चिनी नियमाप्रमाणे सुया. दुसऱ्यालाही सुया, पण भलत्याच जागी आणि वरवर. तिसऱ्याला नेहमीची औषधे, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिले, तर पहिल्या गटात शंभरात सुमारे ४८ जणांना फरक पडला, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात फक्त २७ जणांना.

या तीन आकड्यांत सगळे आले. सुया लावून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आराम पडला, ही गोष्ट उडवून लावण्याजोगी नाही. पण योग्य जागी टोचा की भलत्याच जागी, फरक जवळपास नाहीच. मग त्या चौदा वाहिन्या, त्या ३६१ जागा कुठे गेल्या? शरीर चिरून पाहणाऱ्यांनाही त्या वाहिन्या आजवर सापडलेल्या नाहीत. सुईने काहीच होत नाही असेही नव्हे. बीजिंगचे हान जिशेंग यांनी १९६५ पासून यावर संशोधन केले. सुई लावलेल्या सशाच्या मेंदूतले पाणी दुसऱ्या सशाला दिले, तर त्याचीही वेदना सोसण्याची ताकद वाढली. म्हणजे शरीर स्वतःच वेदना शमवणारी द्रव्ये सोडते. त्याशिवाय दुसरे एक कारण मला दिसते. अर्धा तास कोणीतरी आपल्याला झोपवतो, हात लावतो, ‘कुठे दुखतं’ म्हणून विचारतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपल्या वाट्याला दोन मिनिटे येतात. कष्टकऱ्याच्या दुखऱ्या अंगाला विचारपूस मिळाली तर त्यानेही आराम पडतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तेव्हा सुईकडून काय मागावे? जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, वारंवार उठणारी डोकेदुखी यात थोडा आराम मागावा. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या जागेचा काही उपयोग दिसला आहे. काय मागू नये? मधुमेह, क्षय, कर्करोग, हृदयविकार, अपेंडिक्स बरे कर असे तिच्याकडे मागू नये. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याला साखरेचा आजार होता. पायाला मुंग्या येत. एका सुईवाल्याने त्याला गोळ्या बंद करायला सांगितल्या. पायाची जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. सुईने त्याचा अंगठा गेला नाही, गोळ्या थांबवल्याने गेला. घरी गेल्यावर हे वाक्य शेजाऱ्यालाही सांगा.

जुन्या विद्येचा आदर कसा करावा, याचा धडाही चीननेच दिला आहे. त्या दवण्याच्या जातकुळीची आठवण ठेवा म्हटले होते. त्याच जातकुळीतली दुसरी एक वनस्पती तापावर देतात, असे जुन्या चिनी ग्रंथात होते. तू यूयू या विदुषीने ते वाचून थांबणे पसंत केले नाही. अर्क काढला, उंदरांवर पाहिला, स्वतः घेऊन पाहिला, मग रोग्यांना दिला. त्यातून मलेरियाचे औषध निघाले आणि लाखोंचे प्राण वाचले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने वाट दाखवली, कसोटीने खरे-खोटे केले. कसोटीला उतरले ते घ्यायचे, उरलेले ग्रंथालयात ठेवायचे.

शेवटी, ज्यांना हा उपचार घ्यायचाच आहे त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. विचारण्यात कसला संकोच? दुसरी, सुई तुमच्या डोळ्यांसमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर टाकून दिली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला लावल्याने काविळीचा प्रसार झाल्याच्या नोंदी आहेत. तिसरी, छातीवर, बरगड्यांजवळ खोल सुई घेऊ नका, फुप्फुसाला भोक पडू शकते; आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई घेऊ नये. चौथी, चार-सहा बैठकांत फरक नाही पडला तर थांबा, आणि आगाऊ पैसे तर कुणालाच देऊ नका. चालू गोळ्या मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत.

अनवाणी डॉक्टरची पेटी आज आपल्या वस्तीत नाही. ती आणायची तर आपल्या दवाखान्यात डॉक्टर हजर राहिला पाहिजे, औषध मिळाले पाहिजे, आणि आपले म्हणणे ऐकायला त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळाला पाहिजे. हे मागणे सुईकडे नाही, नगरपालिकेकडे करायचे आहे. आणि ते एकेकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून करायचे आहे. त्या अर्जावर पहिली सही मी करतो, कागद बाहेर टेबलावर ठेवलेला आहे.