जुना संगणक केव्हा सोडावा?

(शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



शाळेच्या किंवा पंचायतीच्या कचेरीतील संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, पडद्यावर अक्षरे उमटतात, छपाईही होते. आणि एके दिवशी सूचना येते की, या संगणकासाठी यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. यंत्र तर धडधाकट आहे. मग ते कालबाह्य झाले, हे ठरविले कोणी आणि कोणत्या निकषावर, हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर कार्यप्रणालीत, म्हणजे ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिच्यात सापडते. यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारी कामे यांच्यामधील ती कारभारी होय. प्रत्येक जातीच्या यंत्राची रीत या कारभाऱ्याला ठाऊक असावी लागते. दरवर्षी नवी यंत्रे येतात आणि जुनीही वापरात राहतात. सर्वांचाच सांभाळ सदासर्वकाळ करणे कोणालाही शक्य नसते, म्हणून काय ठेवावे आणि काय सोडावे हे ठरवावेच लागते.

लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या कार्यप्रणालीचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला, तो इंटेल कंपनीच्या ३८६ या प्रोसेसरवर. हा प्रोसेसर १९८५ मध्ये बाजारात आला होता. ज्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्याच यंत्राचा आधार काढून घेण्याचा निर्णय डिसेंबर २०१२ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसृत झालेल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ वर लिनक्स चालेनासे झाले.

कारण असे की, १९८९ साली आलेल्या ४८६ या प्रोसेसरमध्ये काही आज्ञा नव्याने आल्या होत्या. स्मृतीतील एखादे मूल्य तपासून, मध्ये खंड न पडू देता, ते बदलण्याची आज्ञा ही त्यांपैकी एक. ३८६ ला ती ठाऊक नव्हती, म्हणून त्याच्यासाठी निराळी तजवीज करून ठेवावी लागे. काढून टाकलेल्या ओळी सुमारे ४०० च होत्या. तथापि या भागाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, ३८६ चे काही बिघडणार तर नाही ना, ही चिंता वाहावी लागे. वापरणारे जवळजवळ उरले नव्हते, ओझे मात्र सर्वांवर होते.

यावरून वय झाले की यंत्र सोडतात, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. इंटेलचाच इटेनियम हा मोठ्या संगणकांसाठीचा प्रोसेसर २००१ साली आला. त्याची पाठवणी २०२१ मध्ये थांबली आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीतून लिनक्सने त्याला वगळले. याउलट मोटोरोला कंपनीचा ६८०२० हा प्रोसेसर १९८४ चा, म्हणजे ३८६ हूनही वडील. मॅकिंटॉश, अमिगा, अटारी अशा जुन्या संगणकांत वापरलेल्या या कुळाचा सांभाळ लिनक्समध्ये पुढेही चालू राहिला. धाकट्याला निरोप मिळाला आणि थोरला टिकला, कारण थोरल्यासाठी स्वतःच्या यंत्रावर चाचणी घेणारे आणि दोष दुरुस्त करणारे हौशी स्वयंसेवक होते. इटेनियमची जबाबदारी शिरावर घेणारे कोणी उरले नव्हते.

तेव्हा निकष तीन दिसतात. यंत्र वापरणारे खरोखर आहेत काय? त्याची देखभाल व चाचणी करणारे कोणी आहे काय? आणि त्या यंत्राचा भार इतरांवर किती पडतो? चाचणीवाचून केवळ कागदोपत्री दिलेला आधार हा आधार नसण्याहून घातक ठरतो. कारण वापरणारा त्यावर विसंबून राहतो.

या निकषांत एक उणीव आहे आणि तिचा संबंध ग्रामीण भागाशी येतो. वापरणाऱ्यांची मोजदाद पूर्ण नसते. डेबियन या लिनक्सच्या वितरणात जी गणना होते, तीत जे स्वेच्छेने माहिती पाठवितात त्यांचीच नोंद लागते. इंटरनेटची जोडणी नसलेल्या खेड्यातील शाळेचा संगणक अशा गणतीत येत नाही. जो बोलत नाही तो अस्तित्वात नाही, असे गृहीत धरले जाते. म्हणून जुनी यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी आपले अस्तित्व कळविणे, आढळलेले दोष नोंदविणे अगत्याचे आहे.

जेथे निर्णय एकाच कंपनीच्या हाती असतो, तेथे वापरणाऱ्यांना फारसा वाव राहत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि बहुतांशी इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. मर्यादित काळासाठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय कंपनीने ठेवली. तरीही अनेक चांगले संगणक या अटीबाहेर राहिले.

अशा संगणकांबाबत कार्यालयप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी घाई करू नये. डेडस्टॉक नोंदवहीत 'निकामी' असा शेरा मारण्यापूर्वी यंत्र बिघडले आहे की केवळ कार्यप्रणालीचा आधार संपला आहे, हे स्पष्ट लिहावे. प्रोसेसर ६४ बिटांचा आहे किंवा कसे, स्मृती किती आहे, हे पाहावे. लिनक्सची अनेक वितरणे पेनड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता, चालवून पाहता येतात. मराठी टंकलेखन आणि छपाईयंत्र त्यावर नीट चालते काय, याची परीक्षा अशा वेळी करून घ्यावी. आधार संपलेल्या प्रणालीवर गावकऱ्यांचे दाखले, आधार क्रमांक किंवा बँकेचे व्यवहार इंटरनेटद्वारे हाताळू नयेत. येथे काटकसर महागात पडते. जोडणी काढून तोच संगणक मुलांच्या टंकलेखनाच्या सरावास देण्यास हरकत नाही. ज्याचा काहीच उपयोग उरला नाही, तो भंगारवाल्यास न देता, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण संस्थेकडे सोपवावा.

नवीन खरेदी करतानाही किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विक्रेत्यास विचारावा : या यंत्रास सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळतील? त्याचे उत्तर लेखी घेऊन देयकासोबत जोडून ठेवावे, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी पर्यायाचा विचार व अंदाजपत्रकातील तरतूद दोन्ही वेळेवर करता येतील.