उपकरणे हाताने घडवावीत



खगोलशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहते. परंतु खगोलीय उपकरणांच्या अभ्यासक्रमातील बराचसा वेळ प्रयोगशाळेतील टेबलापाशी जातो.

आरशाचेच उदाहरण घ्या. १५० मिलिमीटर व्यासाचा व १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा करावयाचा, तर काचेच्या दोन चकत्यांमध्ये कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालून त्या एकमेकींवर घासाव्या लागतात. वरची चकती हळूहळू खोलगट होते. मध्यभागी खोली अवघी १.२ मिलिमीटर! पुढे अधिकाधिक बारीक भुकटी वापरावयाची आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने चकाकी आणावयाची. पृष्ठभागातील चूक सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत हवी. म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग.

एवढी चूक दिसावी कशी? फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५८ साली सोपी युक्ती दाखविली. आरशावरून परतणारा प्रकाश जेथे एकवटतो, तेथे पात्याची धार आडवी आणावयाची. गोलीय आरसा सर्वत्र सारखाच काळवंडतो. उंचवटा वा खळगा असल्यास तेथे सावली दिसते. मात्र पॉलिश संपताच तपासाल तर फसाल. घासण्याने व हातांच्या उबेने काच फुगलेली असते. ती निवेपर्यंत थांबलेच पाहिजे.

१९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीची गोष्ट येथे आठवावी. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेले होते. त्यामुळे २.४ मीटरचा तो आरसा अत्यंत काटेकोरपणे चुकीच्या आकाराचा झाला. इतर तपासण्यांनी चुकीची सूचना दिली होती. पण त्या कमी दर्जाच्या मानून बाजूला सारल्या गेल्या. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना दुरुस्तीसाठी जावे लागले.

मित्रहो, आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत पुष्कळदा उत्तर आधी ठरते व निरीक्षणे मागाहून लिहिली जातात. ही सवय शाळेत गुण देते, परंतु उपकरण घडवू देत नाही. जे दिसले तेच लिहावे; पुस्तकाशी जुळले नाही तर मोजमापाचे साधन प्रथम तपासावे. आणि शिक्षकांना माझी विनंती अशी, की न जुळणारा पण प्रत्यक्ष पाहिलेला आकडा लिहिणाऱ्या मुलाचे वा मुलीचे गुण कापू नका. त्या आकड्याचे कारण शोधावयास त्यांच्याबरोबर बसा. खरे प्रात्यक्षिक तेथूनच सुरू होते.