बालपणीचे सोबती



मैत्रीचा विषय निघाला की कृष्ण-सुदाम्याचे नाव सहज ओठांवर येते. परंतु जैन आगमांतही बालमित्रांची एक विलक्षण कथा आहे. ‘ज्ञाताधर्मकथा’ या सहाव्या अंगसूत्राच्या आठव्या अध्ययनात ती येते. वीतशोका नगरीचा राजपुत्र महाबल आणि अचल, धरण, पूरण, वसु, वैश्रमण व अभिचंद्र हे त्याचे सहा सवंगडी, एकाच धुळीत खेळलेले. सुख असो, दुःख असो, प्रवास असो वा प्रव्रज्या, जे करावयाचे ते सातही जणांनी मिळूनच, असा त्यांचा संकेत होता. त्याप्रमाणे त्यांनी एकत्र दीक्षा घेतली व एकसारखे तप आरंभिले.

पुढे महाबलाच्या मनात वेगळे आले. सोबती एक उपवास करीत तेव्हा तो छठ्ठ करी. त्यांचा छठ्ठ असे तेव्हा त्याचा अठ्ठम, तोही त्यांना कळू न देता. त्याच्या आराधनेने तीर्थंकर नामकर्म बांधले गेले; मात्र या मायाचारामुळे पुढील मनुष्यभवात मिथिलेच्या कुंभराजाच्या घरी मल्लीकुमारी म्हणून जन्म झाला, असे श्वेतांबर परंपरा मानते. दिगंबर परंपरेस हे मान्य नाही. तो वाद आजच्या मंगल प्रसंगी नको. अधिक तप हा दोष नव्हता. सोबत्यांपासून लपवून त्यांच्या पुढे जाण्याची इच्छा हा दोष होता. तेच सहा मित्र सहा देशांचे राजे होऊन मल्लीस मागणी घालण्यास आले, मिथिलेस वेढा पडला. मल्लीनेच त्यांना पूर्वभवाचे स्मरण करून दिले.

आता पालघर-बोईसरकडे पाहावे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आधाराने येथे स्थिरावलेल्या कित्येक कुटुंबांचे सगेसोयरे दूर राजस्थान-गुजरातेत असतात. घरावर आघात झाला की प्रथम धावून येतो तो शाळेतला मित्रच. २०२० च्या टाळेबंदीत सर्वसामान्यांसाठी लोकल बंद होती, अंत्यविधीस वीसच माणसांची मुभा होती. त्या दिवसांत दाराशी आलेला मित्र कोणते घर विसरेल?

मित्राच्या मुलाची फी गुपचूप भरणे हेही लपविणेच. परंतु गुप्तदान असते ते मित्राची मान खाली जाऊ नये म्हणून. महाबलाने लपविले ते स्वतःची मान उंच व्हावी म्हणून.

आणखी एक लपविणे दुःखिताचे असते. धंदा बुडाला, कारखान्यातील नोकरी गेली, तरी पर्युषणात नेहमीची बोली बोललीच पाहिजे, म्हणून कर्ज काढणारे गृहस्थ समाजात नाहीत असे कोण म्हणेल? असे घर विश्वस्तांच्या वहीत दिसत नाही. ज्याच्या शेजारी बसून पाठशाळेत नवकार घोकला, त्याला मात्र ते चेहऱ्यावरून कळते. त्याने प्रतिक्रमणानंतर त्या मित्राबरोबर घरापर्यंत चालत जावे, आणि वाटेत दुसरे कोणी नसताना विचारावे.